नाना फक्त पहिल्याच रेकॉर्डी ठेवायचे

हात लावला आन् ती वाकली. तव्यावरची पोळी उचलावी तशी. एका बाजूनं मी धरली तं दुसरी बाजू खाली लोंबली. पहिले मला कळलंच नाही का हे काय झालं, मला वाटलं उन्हानं माझ्या डोळ्यांपुढं अंधारी आली. कडेवर पोरगी, पायाखाली गच्ची अशी तापलेली का चपलेतून चटका बसे, आन् समोर बाजेवर गाण्याच्या अकरा रेकॉर्डी. सकाळी मीच मांडल्या होत्या, एकेक सुट्टी, मधे चार बोटं जागा सोडून, शेजारच्या गच्चीवर धोतरावर ज्वारीचे बिबडे, म्हणजे पापड, टाकले होते तशाच. अकराच्या अकरा बाजेच्या पट्ट्यांमधे खाली बसल्या होत्या. काहींच्या कडा वर आलेल्या, काहींच्या खाली.

तिथं शेजारची अक्का बिबडे उलटवत होती. ती ओरडली, "काय व्हयनं वं? कसाले वरडी ऱ्हायनी?"

मी ओरडत होती हे मला तिच्याकडूनच कळलं.

"अक्का, नानांच्या रेकॉर्डी!"

"मंग? वाळन्या का नहीत अजून?"

मी पोरगीला खाली बसवलं, तिला चटका बसला, ती रडायला लागली, परत उचललं. एका हातानं एकेक रेकॉर्ड उचलून जिन्यात सावलीत नेली. सावलीत गेल्यावर त्या कडक झाल्या. पण वाकड्याच कडक झाल्या. मंग मी अजून एक शहाणपणा केला. घरातला वाटायचा दगडी पाटा आणला आन् एकेक रेकॉर्ड फरशीवर ठेवून वरून पाटा ठेवला, का सरळ होतील. पहिल्या दोन जराशा दबल्या. तिसरीला टच् असा आवाज आला. पाटा काढला तं मधल्या कागदापासून कडेपर्यंत चीर.

ती तिसरी कोणती होती ते मी कडेवरूनच ओळखलं. तिच्या कडेचा नखाएवढा टवका उडालेला होता. अख्ख्या घरात नाना जिला जीव लावत होते, ती.

पण आधी नाना कोण ते सांगते, नाहीतर तुम्हाला वाटंल एक रेकॉर्ड फुटली तं काय झालं एवढं.

जळगावात मेहरूणमधे नानांचं घर. खाली दोन खोल्या, वर गच्चीवर एक. नाना रेल्वेत पार्सलमधे होते, रिटायर होऊन खूप वर्षं झालेली, बायको वारलेली, एकच मुलगी, ती धुळ्याला दिलेली. मी तेव्हा डाळ मिलमधे निवडायच्या कामाला लागली होती. नवरा सुरतला साड्यांच्या कारखान्यात, तिथं एका खोलीत आठ माणसं झोपतात, मला न् पोरीला नेणार कुठं? चोपड्याकडं सासरी राहिली असती, तं तिथं सासूचं न् माझं असं झालेलं का ते सांगण्यात काही अर्थ नाही. खोली बघत बघत मी जळगाव पालथं घातलं. जिथं जाईन तिथं तेच. नवरा कुठाय, खरंच सुरतला आहे का, फोन लावून दे, पोरगी रात्री रडते का.

नानांनी पण तेच विचारलं. "पोरगी रडते का?"

"रडते," मी म्हटलं. सहा महिन्यांची पोरगी, खोटं काय बोलणार.

"वरच्या पट्टीत रडते का खालच्या?"

 तेवढ्यात पोरगी रडली. नानांनी डोळे मिटून ऐकलं आन् म्हटले, "चालेल. हिला भोंग्यासमोर उभी केली असती तं घेतली असती कंपनीनं. सामान आण."

मला वाटलं म्हाताऱ्याचं डोकं फिरलेलं आहे. पण खोली मिळाली.

रेकॉर्डी ठेवणारे जळगावात अजून दोन-चार लोक असतील. पण नाना फक्त पहिल्या ठेवायचे. म्हणजे काहीतरी पहिल्यांदा जिच्यात झालं ती. गोड गाणं असू द्या, मोठी गाणारी असू द्या, दुसऱ्या नंबरची नाना फुकट घेत नव्हते. एक जण भुसावळहून पिशवी भरून घेऊन आला होता, नाना चहा पाजून म्हणाले, "भाऊ, या सगळ्या मागून आल्या. मागून सगळेच येतात."

दुपारी मिलमधून आली का मला बसवून ते ऐकवायचे. ऐकायला दुसरं कोणी नव्हतं म्हणून मला. चावीचं मशीन, त्याला करकर चावी द्यायची, दर गाण्याला नवी सुई लावायची, जुनी सुई एका डबीत टाकायची. मी सातवीपर्यंत शिकलेली, मला काय कळतं? पण नाना असं सांगत का कळायचं. एक रेकॉर्ड होती, तिची पाठ कोरी. गुळगुळीत. नाना म्हणत, "तेव्हा कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं का मागच्या बाजूला पण गाणं बसतं." एक होती, तिच्यात गाणं संपलं का बाई जोरात स्वतःचं नाव सांगते. मला हसू आलं. नाना म्हणाले, "हसू नको. इथं गाणं भरायचं आन् बोटीनं लांब देशात पाठवायचं, तिथं रेकॉर्ड छापायची. तिथल्या लोकांना काय माहीत बाई कोण आन् बुवा कोण? मधल्या कागदावर नाव काय छापायचं? म्हणून ती ओरडून सांगते. कोणी विचारायच्या आधी बाईनं स्वतःचं नाव जगाला सांगितलं, असं पहिल्यांदा झालं बघ."

एक नाटकातलं गाणं होतं. ज्यांनी जन्मात नाटक पाहिलं नाही त्यांच्या ओट्यावर नाटक पोचलं ते या गाण्यानं, असं नाना म्हणत. आन् एक होती माईक आल्यानंतरची. त्याच्याआधी भोंग्यात तोंड घालून ओरडावं लागे, म्हणून मोठ्या गळ्याचेच लोक नावाला आले. "बारीक आवाजाच्या बाया घरीच गाऊन मेल्या," नाना म्हणत. "ही पहिली, जिला ओरडायची गरज पडली नाही." ती बाई खरंच असं गाते का शेजारी बसून सांगते आहे काहीतरी.

एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं गाणं. नानांचं सगळं घड्याळ तेच. "बेटा, चहा दीड बाजू उकळू दे." "कुकर चार बाजू ठेव." दवाखान्यात नंबर लागला नाही तं म्हणाले, "वीस बाजू बसवून ठेवलं डॉक्टरनं." कंपाउंडर माझ्याकडं बघायला लागला, मी म्हटलं, एक तास म्हणतात ते.

आन् ती टवका उडालेली. ती त्यांना बोदवडला सापडली होती, नोकरीत असताना, स्टेशनबाहेर एका भंगारवाल्याकडं. विकायला नव्हती. त्याच्या पाण्याच्या माठावर झाकण होती. नाना पाणी प्यायला गेले, झाकण उचललं, उलटं करून कागद वाचला, आन् तसेच घरी आले, घरातलं पितळी झाकण नेऊन त्याला दिलं न् ही आणली. बायको महिनाभर बोलली नाही. मंग म्हणायची म्हणे, माझ्या माहेरचं झाकण देऊन लोकाच्या माठावरचं झाकण आणलं.

त्या रेकॉर्डीत एक बाई जात्यावरचं गाणं म्हणते, आपल्या अहिराणीत. भावाला सांगते का आत्ता नको येऊ, कापूस वेचणीला आहे, घरात तुला जेवू घालायला कोणी नाही, वेचणी झाली का ये. एवढंच. नाना म्हणत, अहिराणीतली ही पहिली रेकॉर्ड. हिच्याआधी आपली बोली कोणी भोंग्यासमोर उभीच केली नव्हती. वीस वर्षं सगळ्यांना सांगत होते, कोणी मानत नव्हतं. अशी रेकॉर्ड कुठं लिहिलेलीच नाही म्हणे, कोणाकडं दुसरी नाही. लोक समोर हो हो करत आन् मागं हसत.

एकदा गल्लीतून वरात चालली होती, गाडीवर डीजे, अहिराणी गाणं असं जोरात का आमच्या खिडकीच्या काचा वाजत होत्या. नाना बनियनवर बाहेर गेले न् गाडीसमोर उभे राहिले. डीजेवाला वाकून विचारतो, "काय नाना, आवाज कमी करू?"

"आवाज वाढव. पण आधी सांग, अहिराणीतलं पहिलं गाणं कोणतं?"

त्यानं मागच्या वर्षीचं मोबाईलवरचं एक गाणं सांगितलं. नाना हलेनात. म्हणाले, "पहिलं ऐकवतो, एक बाजूभर थांबा." मागून नवरदेवाचा काका ओरडला, "नाना, बाजूले व्हा हो, नवरदेव घंटाभरपासून घोडावर बसेल शे!" नाना म्हणाले, "ही शंभर वर्षं माठावर बसली होती." शेवटी अक्का न् मी हात धरून त्यांना आत आणलं. वरातीतली पोरं हसून हसून पडली.

आता कूलरचं सांगते. जळगावचा मे महिना तुम्हाला माहीत असेल. घरात एक कूलर, आन् त्याचं तोंड रेकॉर्डीच्या कपाटाकडं. नाना स्वतः डोक्यावर ओला पंचा टाकून बाहेरच्या खोलीत बसायचे. मी एकदा विचारलं, नाना, तुम्ही का नाही बसत कूलरसमोर? तं म्हणाले, "बाईंना गरम सोसत नाही गं. त्या चिडल्या का आवाज बदलतो." ते सगळ्या रेकॉर्डींना बाईच म्हणत, बुवाच म्हणत. बाई झोपल्या, आज बुवांचा मूड नाही. मला वाटलं ही पण तसलीच गंमत. माझ्या पोरीला घामोळ्या आल्या तेव्हा त्यांनीच सांगितलं, "वर काय भाजते तिला, बाईंच्या खोलीत निजव." तेव्हापासून पोरगी दुपारी कपाटाखाली सतरंजीवर झोपायची. घामोळ्या गेल्या.

मंग नानांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं, धुळ्याला, मुलीकडं. आन् त्याच वेळी धुळ्याचे एक कॉलेजातले सर मिळाले. त्यांनी नानांचं ऐकून घेतलं, खरंच ऐकून घेतलं. म्हणाले, मशीन घेऊन तुमच्या घरी येतो, गाणं कॉम्प्युटरवर घेतो, कागदाचा फोटो घेतो, मंग पहिली आहे का नाही ते जगाला दाखवू. रविवार ठरला. नाना ऑपरेशनला चालले होते पण लग्नाला चालल्यासारखे खुशीत. जाताना मला किल्ली दिली. "बाईंना सांभाळ, रविवारी सर येतील."

त्यांच्यामागं आमच्या भागातला ट्रान्सफॉर्मर जळाला. तीन दिवस लाईट नाही. कूलर बंद, खिडकी बंद, कूलरच्या टाकीत पाणी तसंच. चौथ्या दिवशी लाईट आली म्हणून पोरीला निजवायला दार उघडलं तं कुबट वास, आन् खालच्या कप्प्यातल्या पाकिटांवर पांढरा बुरा.  माझ्या जिवावर ठेवून गेलेत आन् बुरा आला. आता आमच्याकडं बुरा आला का काय करतात? डाळीला आला, गादीला आला, लोणच्याच्या बरणीला आला, ऊन दाखवतात. आईनं तेच शिकवलं, सासूनं तेच. त्या दिवशी तशी पण गच्चीवर बिबड्यांची गडबड होतीच. मी खालच्या कप्प्यातल्या अकरा पाकिटांतून काढल्या, कोरड्या फडक्यानं पुसल्या आन् उन्हात मांडल्या. मला बरंच वाटलं, काहीतरी काम केलं म्हणून.

पुढचं तुम्हाला सांगितलंच.

सगळ्या परत पाकिटात घातल्या न् कपाटात ठेवल्या. दोन दिवस मला जेवण गेलं नाही. नाना काढून देतील, मंग कुठं? सुरतच्या खोलीत? सासूच्या पायाशी? मिल सुटली तं पोरीचं दूध कुठून? फोन हातात घ्यायची आन् ठेवायची.

नाना आले, काळा चष्मा लावून, ताई सोडायला आली होती. ताई म्हणजे त्यांची मुलगी. ती मला बाजूला घेऊन म्हणाली, "डॉक्टरांनी सांगितलंय, डोळ्यात पाणी येऊ द्यायचं नाही. बाबांना रडू येईल असं काही बोलू नको, आईचा विषय काढू नको." मला सुटल्यासारखं झालं. म्हटलं, चला, डॉक्टरनंच सांगितलंय. म्हणजे मी लपवत नाही, डोळा सांभाळते.

संध्याकाळी नाना म्हणाले, "लाव गं वेचणीवाली बाई."

"नाना, लाईट गेली."

"चावीच्या मशीनला लाईट लागते का?"

मी पोरगीला कडेवर घेतलं. मंग म्हटलं, "डॉक्टर म्हणाले आवाज नको."

"ऑपरेशन डोळ्याचं केलं का कानाचं?" ते हसले. मंग हसायचे थांबले आन् काळ्या चष्म्यातून माझ्याकडं बराच वेळ तोंड करून बसले. परत त्यांनी काही लाव म्हटलं नाही. रविवारपर्यंत नाही.

रविवारी सर आले, बॅगेत मशीन, वायरी. ताई धुळ्याहून सोबतच आली. मी चहा केला. नाना म्हणाले, "बेटा, आण." मी पाकीट आणलं न् त्यांच्या हातात दिलं.  नानांनी पाकिटाचा कुबट वास घेतला, रेकॉर्ड बाहेर काढली, कडेवरून बोट फिरवलं. बोट वर गेलं, खाली गेलं, परत वर गेलं. मंग चीर लागली. तिथं बोट थांबलं.

मी भिंतीला टेकून उभी. आता ओरडतील, आता ओरडतील.

नाना म्हणाले, "सर, माफ करा. तुम्हाला एवढ्या लांब आणलं. ही मीच घालवली. धुळ्याला जायच्या आधी बुरा दिसला म्हणून उन्हात ठेवली, मंग सरळ करायला गेलो तं तडकली. लाजेनं तुम्हाला सांगितलं नाही."

ताई म्हणाली, "बाबा, तुम्ही? आम्हाला कपाटाला हात लावू देत नव्हते आन् तुम्ही उन्हात ठेवली?"

"म्हातारा झालो."

सरांनी बिचाऱ्यांनी लावून पाहिली. दुसऱ्याच फेऱ्याला सुई उडाली. नुसता ठक ठक आवाज. मधला कागद पण पाट्याखाली फाटला होता, नाव वाचता येत नव्हतं. नाना म्हणाले, "हिला गाणं पाठ आहे, रोज ऐकते, हिच्याकडून घ्या लिहून." सर चांगलं बोलले, पण म्हणाले, "नाना, शब्द तं कोणाकडूनही मिळतील. मला तो आवाज पाहिजे होता. पुरावा पाहिजे होता." आन् वायरी गुंडाळल्या.

सगळे गेल्यावर मी नानांच्या पायाशी बसली. "नाना, मी—"

"चूप," ते म्हणाले. "मला रडायची बंदी आहे. तू रडली तं मला रडू येईल आन् डोळा जाईल." मंग विचारलं, "तुला माहीत आहे का ती कशाची असते?"

"प्लास्टिकची."

"लाखेची असते गं. बांगड्यांची असते ना, तीच लाख."

लाख उन्हात मऊ होते हे मला पाच वर्षांची होती तेव्हापासून माहीत आहे. लाख म्हटलं असतं तं मी जन्मात उन्हात नेली नसती. मी तसं म्हटलं. नाना म्हणाले, "तेच तं. मी बाई म्हटलं, बुवा म्हटलं, लाख कधी म्हटलो नाही. म्हणजे मी सरांना काही खोटं बोललो नाही."

त्याच्यानंतर ते दीड वर्ष जगले. गावात सगळ्यांना कळलं का नानांनी स्वतःच पहिली रेकॉर्ड उन्हात भाजली. चहाच्या टपरीवर लोक विचारत, "काय नाना, अजून काही वाळायला टाकायचं आहे का?" नाना त्यांच्यासोबत हसत. मी दूध घ्यायला जायची तेव्हा मला ऐकू येई. अक्कानं एकदा विचारलं, "तू खरं बोलनी का नही त्या लोकेस्ले?" मी म्हटलं, नाही. ती बिबड्यांचं पीठ ढवळत होती, तिनं वर पण पाहिलं नाही. "मंग आते चूप ऱ्हाय."

मागच्या महिन्यात नाना गेले. तेराव्याला सर आले होते. चार लोक बोलले, सर पण बोलले. चांगलंच बोलले. पण म्हणाले, "नानांचा दावा खरा असेलही. पण ती तबकडी त्यांच्याच हातून गेली, आता सिद्ध करता येत नाही. उतारवयात माणसाकडून होतं असं." ताई रडायला लागली. मला जवळ घेऊन सगळ्यांसमोर म्हणाली, "बाबांचं डोकं शेवटी चालत नव्हतं, हिनं सांभाळलं त्यांना. तू कुठं जाऊ नको बाई, खोली तुझीच आहे, पोरगी शाळेत जाईपर्यंत राहा."

पोरगी माझ्या मांडीवर लाडू खात होती. अक्का समोर बसली होती, माझ्याकडं बघत. सर चप्पल घालत होते. दारापर्यंत चार पावलं, मी उठून म्हटलं असतं का ती मी घालवली, नाना नाही, नानांचं डोकं शेवटपर्यंत नीट होतं, तं सरांनी ऐकलं असतं. ताईनं पण ऐकलं असतं.

मी नाही उठली. सर गेले.

ताईचा फोन नंबर माझ्याकडं आहे. सरांचा पण घेतला मी, ताईकडून, काही कारण सांगून. कडेवर पोर, डोक्यावर दुसऱ्याचं छप्पर. तुम्ही असता तं उठला असता का? खरं सांगा, काय केलं असतं तुम्ही?